सपाटीपर्यंत

सोलापुरात डोंगर नाही.
म्हणून रेवणसिद्ध सरांनी आम्हाला
अक्कलकोट रोडच्या बंद खाणीत उतरवलं.
डोंगर आहे, म्हणाले, फक्त खाली आहे.

पहाटे साडेपाच. नऊला दगडाचा तवा होतो,
त्याच्या आत सगळं शिकायचं.
आम्ही सहा जण:
बँकेतले हत्तुरे, हार्नेसचा पट्टा पोटावर बसेना
म्हणून श्वास ओढून उभे;
तबस्सुम आणि तिचा भाऊ, दोघांत मिळून बुटांचा एक जोड;
इंजिनिअरिंगची दोन पोरं, झोपेत;
आणि मी. खरं तर नाव पोरीनं घातलेलं,
तिची परीक्षा निघाली अन् फी परत मिळेना.
सातशे रुपये. म्हटलं, मी जाते.
पोरगी हसली. मग हसायची थांबली.

आधी गाठ.
करंगळीएवढी जाड दोरी,
पापणी लवायच्या आत मी गाठ मारून मोकळी.
बावीस वर्षं वाइंडिंगला आहे,
दिवसाला चार-पाचशे तुटकी टोकं जोडते.
सरांनी गाठ उलटीपालटी बघितली,
एक टोक नुसतं मागं ढकललं. सुटली.
"भूदेवीताई, गाठ देखणी आहे.
हिच्यावर चादर विणा. माणूस टांगू नका."

आमच्याकडं गाठ दिसता कामा नये.
फणीतून सरकून गेली पाहिजे,
टॉवेलनं तोंड पुसणाऱ्याच्या गालाला कळू नये
की इथं काही तुटलं होतं.
आणि सर सांगत होते, आठाची गाठ,
जाड, ढबू, लांबून दिसेल अशी,
शेपूट वीतभर सोडलेली,
आणि मारून झाली की शेजारच्याला दाखवायची.
त्यानं बोट फिरवून बघायची, मोठ्यानं म्हणायचं: बरोबर.
मी चारदा चुकले.
पाचव्यांदा तबस्सुमनं बोट फिरवलं. बरोबर, म्हणाली.
बावीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

माझी दोरी धरायला हत्तुरे.
यांच्याच काउंटरपुढं मागच्या महिन्यात
जेवणाची सुट्टी संपेस्तोवर
मी पासबुक घेऊन उभी होते.
त्यांना आठवत नसावं.
मला आठवत होतं. पंधरा फुटांवर तर फारच.

वीस फुटांवर डावा पाय
शिवणमशीनसारखा आपोआप हलायला लागला.
"पडकू," अम्मा म्हणायची,
नळावर, जिन्यात, बोळात, जाईन तिथं: पडू नको.
खालून सर उलटंच ओरडत होते:
"पडा ताई! हात सोडा, मागं बसा!"
मी काही सोडले नाहीत. दगडानंच सोडले.
दोन-तीन फूट गेले असेन.
मग दोरी ताणली, पोटात हिसका,
आणि मी बसलेली. हवेत, कुणी पाट मांडल्यासारखी.
खाली हत्तुऱ्यांच्या मुठी दोरीवर आवळलेल्या,
मान वर, चष्मा घामानं नाकाच्या शेंड्यावर,
तो सावरायलासुद्धा हात सोडेनात.

पुढचे वीस फूट कसे गेले ते नीट सांगता येत नाही.
एका भेगेत होल्याचं घरटं होतं, ते चुकवलं.
जुन्या सुरुंगाचं अर्धं भोक होतं,
त्यात अंगठा नेमका बसला.
गुडघा फुटला. तेलुगूत शिवी दिली,
खाली कुणी तरी हसलं,
म्हणजे कुणाला तरी कळली.

मग काठ. पोटावर सरपटत वर.
वर शिखर वगैरे काही नव्हतं.
वर सोलापूर होतं, जिकडंतिकडं सपाट.
बाभळी, पिशव्या, लांब गिरणीचं एक धुराडं,
रस्त्यावर एसटी.
मी जमिनीएवढी उंच आले होते.

एक म्हातारा शेळ्या राखत होता.
हेल्मेट, पट्टे, फाटका गुडघा, सगळं बघून म्हणाला,
"काय पडलंय का खाली?"
"व्हय," म्हटलं, "मीच.
आत्ता वर काढलं."
त्याची एक शेळी येऊन माझी गाठ हुंगायला लागली.
चावू नकोस गं, म्हटलं,
अजून उतरायचंय.